मारायची ऐपत

मी टर्नर माणूस. जळगावात लेथवर उभं राहून पस्तीस वर्षं झाली. लिहिणं हा आपला धंदा नाही. पण गेले तीन महिने एक सवाल डोक्यात बसलाय, आणि चकमधे जॉब वाकडा बसला की तो कसा फिरताना थरथरतो, तसा तो थरथरतोय. संपादक मित्र म्हणाले, लिही, आम्ही स्टेन्सिल कापतो. म्हणून लिहितो.

झालं असं. धुळ्याचे एक गृहस्थ कुणाकडून तरी माझं नाव ऐकून शेडवर आले. सभ्य माणूस. खुर्ची पुसायला गेलो तर राहू द्या म्हणाले. चहा घेतला, आमच्याच कपात घेतला. (हे अजून सांगावं लागतं, म्हणून सांगितलं.) मग पिशवीतून लाकडी पेटी काढली. पेटीत हिरवी मखमल आणि मखमलीत एक बंदूक. वीतभर. नंतर मोजली, २३ सेंटिमीटर भरली.

पोराटोरांचं खेळणं असेल म्हणून हात पुढं केला आणि हातात घेतल्याबरोबर कळलं, हे खेळणं नाही. पस्तीस वर्षं लोखंडाशी बोललेला हात फसत नाही. नळी पोलादाची, आतून आरशासारखी, तोंड तीन मिलिमीटरचं. लाकडी दस्ता, त्याला पितळी कड्या. नळीखाली गज, काडेपेटीतल्या काडीएवढा, ओढला की सरळ बाहेर येतो. घोड्याच्या जबड्यात गारेची खरी कपची, तांदळाच्या कणीएवढी. रंजक ठेवायची वाटी, वाटीवर झाकण, झाकणाला वेगळी कमान. बाजूच्या पत्र्यावर कंपनी सरकारचा सिंह कोरलेला, मुंगीएवढा. भिंग लावलं तर त्याची आयाळ दिसते. आणि नळीच्या पोटाखाली, जिथं कुणाची नजर जाणार नाही तिथं, करणाऱ्यानं आपल्या नावाची दोन अक्षरं कोरलेली.

"ब्राउन बेस," गृहस्थ म्हणाले. "कंपनीच्या देशी पलटणींची बंदूक. ओरिजिनलच्या सहाव्या हिश्श्यानं."

"चालते?"

"चालायची. मोठी कमान तुटलीय. तेवढी करून द्या मिस्त्री. पैशाचं बघू नका."

त्यांच्याकडं अशा चौदा आहेत. तोड्याची आहे, चकमकीची आहे, टोपीची आहे, एक दुनळी आहे. बहुतेक परदेशी कारागिरांनी केलेल्या. सगळ्या काचेच्या कपाटात. मी विचारलं, कधी उडवून बघितलीत का? तर म्हणाले, छे, काजळी धरते, किंमत जाते. मग चालली काय न चालली काय, मी म्हणालो. त्यावर ते थोडे दुखावले. म्हणाले, "असं कसं? चालत नसेल तर ती मूर्ती झाली. चालते म्हणून तर ती बंदूक."

चालली पाहिजे, पण चालवायची नाही. हाच तो सवाल. मला तो तेव्हा कळला नाही. कळला तो आठ दिवसांनी, धुळ्याला त्यांचं कपाट बघायला गेलो तेव्हा, आणि तोही वाटेत, एसटीत.

त्याआधी थोडं कामाचं सांगतो, कारण हे काम ज्यानं केलं त्याला रामराम न करता पुढं गेलो तर मी कसला कारागीर. मूळ ब्राउन बेस, म्हणजे तिचा हिंदुस्थानी नमुना, सुमारे १४० सेंटिमीटर लांब, साडेचार किलोच्या आसपास वजनाची. लांबी सहा पट कमी केली की वजन सहा पट कमी होत नाही, सहा गुणिले सहा गुणिले सहा, २१६ पट कमी होतं. साडेचार किलोची बंदूक वीस-एकवीस ग्रॅमवर येते. सगळी कुस्ती इथं आहे. माणूस आकार लहान करू शकतो, पण मालाचा गुण लहान होत नाही. दारूचा कण तेवढाच राहतो. लाकडाची रेघ तेवढीच राहते, म्हणून अक्रोडाच्या दस्त्याची नक्कल करायला अक्रोड चालत नाही, त्याहून बारीक रेघेचं लाकूड शोधावं लागतं. आणि घोडा २१६ पट हलका झाला की गार पोलादावर आपटते खरी, पण ठिणगी पडत नाही. पडली तर रंजकापर्यंत जिवंत पोचत नाही. म्हणून कारागीर कमान प्रमाणापेक्षा कडक करतो. आणि कडक कमान एक दिवस मोडते. ही तशीच मोडली होती.

हे वेड आजचं नाही. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गमधे १६०० सालाच्या आसपास मिखाएल मान नावाचा कारागीर बोटाएवढी चाकाच्या चापाची पिस्तुलं करत होता. ऑस्ट्रियातल्या क्रेम्स गावच्या फ्रांत्स फान्ल नावाच्या घड्याळजीनं १९१४च्या सुमाराला 'कोलिब्री' नावाचं पिस्तूल काढलं. ती कशाची नक्कल नव्हती, बायांनी पर्समधे ठेवावं, वेळ आली तर वापरावं म्हणून केलेली खरी वस्तू होती. गोळी २.७ मिलिमीटरची. त्या गोळीनं हल्लेखोराचं काय होणार होतं देव जाणे. आणि आपल्या काळात स्वित्झर्लंडमधे साडेपाच सेंटिमीटरचं रिव्हॉल्व्हर निघालं, सगळ्यात लहान चालतं रिव्हॉल्व्हर म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद आहे. घड्याळं करणाऱ्या देशांतच हे निघावं यात नवल नाही. कमान, खटका, दात, चाक. घड्याळ आणि बंदूक चुलत बहिणी आहेत.

आता एसटीतलं. जळगाव सोडलं की पाळधी, मग एरंडोल. एरंडोलच्या अलीकडं-पलीकडं उजव्या हाताला धरणगाव. तिथं १८२५ साली जेम्स औट्रॅमनं भिल्लांची पलटण उभी केली. खानदेश इंग्रजांनी १८१८ला घेतला, पण सातपुड्यातला भिल्ल काही हाताला येईना. तेव्हा निम्म्या भिल्लांच्या हातात बंदूक दिली, का तर उरलेल्या निम्म्यांना धरून आणा. खाज्या नाईकाकडंसुद्धा असंच कंपनीचं काम होतं, सेंधव्याच्या घाटाची राखण. १८५७ला तो उलटला, १८५८ला अंबापाणीला लढाई झाली, भिल्ल बायाबापड्या पकडल्या गेल्या. पुढं पारोळा लागतो. तिथला किल्लाही त्याच बंडानंतर इंग्रजांनी मोडला. म्हणजे ज्या रस्त्यानं मी वीतभर बंदूक मांडीवर घेऊन चाललो होतो, त्या रस्त्यावर खऱ्या बंदुका कुणाला द्यायच्या आणि कुणाकडून काढायच्या एवढ्याच एका गोष्टीवर शंभर वर्षं राज्य चाललं.

आणि माझ्या मांडीवर होती ती ब्राउन बेस. १ जानेवारी १८१८ला भीमेकाठी कोरेगावला कंपनीच्या देशी पलटणीच्या हातात होती ती बंदूक. स्तंभावर ज्यांची 'नाक'नं संपणारी नावं कोरली आहेत, त्यांच्या हातातली. मी पेटी उघडून परत बघितली. शेजारी बसलेल्या बाबानं विचारलं, "काय शे हाई?" मी म्हटलं, घड्याळाचा पार्ट.

खोटं का बोललो? भीती वाटली म्हणून. ती भीती कुठून आली याचा विचार करता करता धुळं आलं.

कपाट बघितलं. खोटं सांगत नाही, हरखून गेलो. चौदाच्या चौदा एकापेक्षा एक. तासभर भिंग घेऊन बसलो, उठवत नव्हतं. त्यांनी वाकायला खाली उशी दिली. पण बघता बघता एक गोष्ट खुपायला लागली. वस्तू लहान केली की बघणारा आपोआप मोठा होतो. वरून बघतो. चौदा बंदुका आहेत आणि धरणारा एकही नाही. एवढ्या हाताचा शिपाई जगात नसतो. घामानं दस्ता काळा पडलेला नाही, खांद्याच्या धक्क्यानं पट्टी झिजलेली नाही. कंपनीचा सिंह आहे, त्याची आयाळ आहे, शिपाई तेवढा वगळलाय. आपले थोर समीक्षक ज्याला निखळ सौंदर्य म्हणायचे, ते हेच असावं. वस्तूतून माणूस काढून घ्यायचा आणि उरलेलं काचेत ठेवायचं.

पण मला त्या माणसाची टिंगल करायची नाही. ते शिकार करत नाहीत, कुणावर आवाज चढवत नाहीत. कारागिराचं नाव घेताना आवाज हळू होतो त्यांचा. आपल्याकडं पोळ्याचे लाकडी बैल करणाऱ्या सुताराचं नाव कोण घेतं?

पोळ्याचं निघालं म्हणून. आमच्याकडं पोळ्याला मातीचे बैल करायचे. पाटलाच्या दारात सजवलेले खरे बैल, आमच्या दारात मातीचे, कारण आम्हाला बैल कुठला. लहान वस्तू दोघं ठेवतात. ज्याच्याकडं मोठी नाही तो, आणि ज्याला मोठीचं काही पडलेलं नाही तो. आमचा मातीचा बैल पहिल्या जातीचा. त्यानं औत ओढावं अशी आमची अपेक्षा नव्हती. पूजा झाली की तो नदीत जायचा. धुळ्याचं कपाट दुसऱ्या जातीचं. तिथल्या प्रत्येक वस्तूनं काम केलंच पाहिजे अशी अट आहे, आणि एकीलाही काम लागणार नाही अशी खात्री आहे.

कायद्याचं बघू. नाही म्हणायला मला खरं तर कायदा पुरे होता. १९५९चा शस्त्र कायदा सांगतो, स्फोटकाच्या किंवा दुसऱ्या कुठल्या जोरावर काहीही फेकायला बनवलेलं ते अग्निशस्त्र. लांबी किती, वजन किती, काही लिहिलेलं नाही. बिनपरवाना बनवणं गुन्हा, दुरुस्त करणंही गुन्हा. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका, आधी तीन होत्या. गृहस्थांना हे सांगितलं तर हसले. "अहो, या अँटिक आहेत." अँटिकची नक्कल अँटिक कशी? आणि अँटिकलाही सूट कधी, तर कलम ४५ म्हणतं, जुन्या चालीचं किंवा मोडकं हत्यार दुरुस्त केलं तरी आणि न केलं तरी बंदूक म्हणून वापरता येणार नाही, असं असेल तेव्हाच.

हे वाक्य मी दहादा वाचलं. दुरुस्त केलं तरी चालणार नाही. कायद्याच्या डोळ्यांना ती मोडकी बंदूकसुद्धा बंदूकच, कारण माझ्यासारखा कुणीतरी ती चालती करू शकतो.

आणि मग दुसरं आठवलं. १८७८च्या कायद्यानं इथल्या माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बंद केलं, गोऱ्याला सूट ठेवली. १८९२-९३च्या सुमाराला महारांची सैन्यभरती बंद झाली. लढाऊ जात नाही म्हणे. ज्यांची नावं स्तंभावर कोरली त्यांच्याच नातवा-पणतवांना सांगितलं, तुमचा नमुना जुना झाला, तुम्ही दुरुस्त करूनही चालणार नाही. एका अख्ख्या जातीला कलम ४५ लावलं. गोपाळबाबा वलंगकर स्वतः पेन्शनर हवालदार, त्यांनी १८९४ला अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१०ला भारतमंत्र्यापर्यंत अर्ज नेला. १९१७ला लढाईत माणसं कमी पडली तेव्हा १११ नंबरची महार पलटण उभी केली, लढाई सरली आणि १९२१ला मोडली. पुढं १ ऑक्टोबर १९४१ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. गरज पडली की चालते, गरज संपली की अँटिक.

माझा आजा त्या रेजिमेंटमधे होता. १९४३चा भरती. १९४६ला तिची मशीनगन रेजिमेंट झाली. व्हिकर्स तोफबंदूक. तिच्या नळीभोवती पाण्याचा डबा असतो, चार लिटरचा. गोळ्या सुटायला लागल्या की नळी तापते, पाणी उकळतं, परत भरावं लागतं. आजा सांगायचा, पाणी नसलं तर तोफ मरते, म्हणून आधी तोफेला पाणी, मग गड्याला. तो पांझरेकाठच्या आमच्या गावी परत आला तेव्हा गावच्या विहिरीवर त्याला हात लावू दिला नाही. म्हातारपणी एकदाच बोलला हे, तेही हसत. "बंदूकले मी पानी दिधं. माले गावमा कोनी दिधं नही."

मी लहानपणी ज्वारीच्या धांड्याची बंदूक करून त्याच्यापुढं सलाम ठोकला होता. वाटलं खूश होईल. त्यानं ती हातातसुद्धा घेतली नाही. म्हणाला, "भो, हाई खेयनं नही." मला तेव्हा रडू आलं होतं. आज वाटतं, त्याला काय म्हणायचं होतं ते मी पस्तीस वर्षं लोखंड कापूनही पुरतं ओळखलेलं नाही.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेबद्दल लिहिताना दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत, मारायची इच्छा आणि मारायची गरज. बुद्धानं इच्छेला मनाई केली, गरजेचा विवेक माणसावर सोडला, असा त्यांचा अर्थ. हे माप घेऊन मी ती वीतभर बंदूक मोजायला बसलो तर माप बसेना. त्या गृहस्थांना मारायची इच्छा नाही, गरज तर त्याहून नाही. तरी चालली पाहिजे. मग उरतं काय? उरते ती ऐपत. मारायची नुसती ऐपत, इच्छेशिवाय, गरजेशिवाय, मखमलीत गुंडाळलेली. पैशाची ऐपत म्हणतो ना, तशीच. बँकेतला पैसा खर्चायचा नसतो, आहे एवढंच माहीत असावं लागतं. त्यानं झोप चांगली लागते.

हे माझ्या दोन मित्रांपुढं मांडलं. एक म्हणाला, आपण बुद्धाची माणसं, हात लावू नको त्या वस्तूला, परत कर. मी म्हटलं, अरे, हात लावायची सोयच नव्हती त्यानं हात लावला नाही, यात कसली अहिंसा? ज्याच्या हातात आहे आणि तो चालवत नाही, त्यालाच अहिंसक म्हणता येईल. आपल्याला तर न चालवायची संधीसुद्धा मिळाली नाही. दुसरा जरा कडू माणूस. तो म्हणाला, "तत्त्वज्ञान सोड. त्याच्या कपाटात चौदा, तो शौक. आपल्या वस्तीत पोराच्या खिशात एक सापडू दे, बघ मग त्याला काय म्हणतात ते." एसटीत मी घड्याळाचा पार्ट का म्हणालो त्याचं उत्तर मला तिथं मिळालं. मला ऐपत नको होती असं नाही. ऐपतीबरोबर येणारी झोप माझ्या वाट्याला येणार नव्हती.

पण मग कबूलही करायला पाहिजे. त्या रात्री शेड बंद करून मी ती बंदूक एकटाच हातात घेऊन बसलो होतो. चिमटीत धरून दस्ता गालाला लावायचा प्रयत्न केला. तेवढीशी वस्तू, लागते कुठं. तरी छाती भरून आली. कोरेगाव आठवलं, आजा आठवला, आणि वाटलं, ही आपली आहे. सेठची नाही, आपली. हा मोह शुद्ध होता का? शिपायाची आठवण होती की मलाही काचेचं कपाट पाहिजे होतं? दोन्ही होतं. आपण प्रस्थापितांच्या शौकाला नावं ठेवतो तेव्हा त्यात विवेक किती आणि हेवा किती, हे मायक्रोमीटर लावून मोजायला हवं. माझं माप सांगतो, हेवा थोडा जास्त भरला.

आणि म्हणून मी ती कमान केली. नाकारता येत होतं, केली. पातळ स्प्रिंगची पट्टी घेतली, लाल करून दुमडली, रविवारचे दोन दिवस कानशीनं घासली. अशी कमान नुसती दिसायला झाली म्हणजे झाली असं नसतं. तिला पाणी द्यावं लागतं. तेलात बुडवलं तरी आमच्यात पाणी देणंच म्हणतात. लाल तापवून बुडवायची, कडक होते; मग हलक्या आचेवर निळा रंग येईपर्यंत परत तापवायची, म्हणजे कडक असून मोडत नाही. त्याआधी ती मऊ असते. बसवली तर जागच्या जागी बसते, भिंगाखालीही फरक कळत नाही, घोडा मागं ओढला की तशीच वाकून राहते.

गेल्या आठवड्यात गृहस्थांचा फोन आला. "झाली का?"

"झाली."

"चालेल ना?"

मी म्हटलं, पाणी दिलेलं नाही. दिलं तर चालेल.

"मग द्या की."

"तुम्ही तर उडवणार नाही म्हणता."

पलीकडं बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "नाही हो उडवणार. पण चालली पाहिजे."

"का?" मी विचारलं. खरंच विचारलं, टोमणा नव्हता. ते म्हणाले, विचार करून सांगतो.

कमान टेबलाच्या ड्रॉवरमधे कागदात गुंडाळून ठेवली आहे. बंदूक पेटीत आहे. न्यायला ते रविवारी येणार आहेत.